आणि पार्टी

आमच्या मजल्यावर एक पेटी होती. कुणाची म्हणाल, तर मजल्याची. वरळीच्या बीडीडी चाळीत मजल्याला वीस खोल्या. दहा इकडे, दहा तिकडे, मधून लांबलचक अंधारा पॅसेज. या वीस खोल्यांनी वर्गणी काढून ती जुनी पेटी घेतली होती. कुणी रुपया दिला, कुणी आठ आणे, कुणी कनवटीला बांधलेले चार. त्यामुळे पेटीवर हक्क सगळ्यांचा आणि तिची काळजीही सगळ्यांना. पावसाळ्यात ज्या खोलीला ओल कमी, तिथल्या माळ्यावर पेटी चढायची. त्या घरी बाळंतीण आली, पाहुणे उतरले, तर शेजारी सरकायची. फेब्रुवारी संपला की आमच्या गाणाऱ्या बुवांच्या खोलीत यायची आणि बुद्धपौर्णिमा उलटेपर्यंत तिथून हलायची नाही.

तिची दुरुस्तीसुद्धा मजल्यावरच व्हायची. भाता फाटला की सायकलवाल्याकडून सोल्युशन आणि जुन्या ट्यूबचा तुकडा यायचा आणि भात्याला ठिगळ लागायचं. सूर अडकला तर त्याखालून ब्लेडचं पातं हळूच फिरवायचं; ते काम फक्त एका मामांचं, कारण गिरणीत तुटलेला धागा सांधून सांधून त्यांची बोटं तयार झालेली. एक पांढरी पट्टी कधीतरी तुटली होती. तिच्या जागी लाकूड घासून बसवलेलं. ती पट्टी दाबली की पेटी आधी उसासा टाकायची आणि मग सूर द्यायची, आणि आम्हा पोरांना तो उसासा गाण्याचाच भाग वाटायचा.

गवसणी फेंटच्या कापडाची. गिरणीतून वार-दोन वार फेंट स्वस्तात मिळे. त्यातून आधी उशांचे अभ्रे, मग पोरांच्या चड्ड्या आणि उरलंसुरलं पेटीला. मजल्यावरची निम्मी पोरं आणि पेटी एकाच फुलाफुलांच्या कापडात असायची. ढोलकीच्या कड्या ओढायला शनिवारचा दिवस. डफ शेकायला आमचा स्टोव्ह. चहाचं आधण उतरलं की आजी हाक मारायची, ‘‘आणा रे तो डफ, वात अजून पेटलीय तोवर.’’ रॉकेल रेशनचं, रांगेत उभं राहून आणलेलं. तरी डफाला कुणी नाही म्हटल्याचं आठवत नाही.

आणि वह्या. दोनशे पानी, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेल्या, कोपरे तेलकट झालेल्या. गाणं नवीन आलं की मजल्यावर ज्याचं अक्षर बरं त्याच्याकडे वही जायची. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर ‘चाल’ लिहून पुढे एखाद्या सिनेमाच्या गाण्याचं नाव. हे उसनं घेणं कुणाला कमीपणाचं वाटत नसे. चाल लोकांच्या ओठांवर आधीच बसलेली असली की फक्त शब्द शिकवायचे राहतात, असा तो साधा हिशेब होता. वामनदादा कर्डकांनी १९४३ साली आपलं पहिलं गाणं रचलं तेही एका हिंदी सिनेगीताच्या चालीवरच. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत आला तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. कुणीतरी पत्र वाचून द्यायला सांगितलं, ते वाचता येईना, त्याची सल लागली आणि मोठेपणी बसून अक्षरं गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचायला शिकले. ही गोष्ट आमच्या मजल्यावर इतक्या वेळा सांगितली गेली, की पाढे चुकले तरी मार त्याच गोष्टीने सुरू व्हायचा.

कार्यक्रमाचं हँडबिल छापून यायचं. गुलाबी किंवा पिवळा पातळ कागद. वर बुवांचं नाव ठळक टायपात. खाली बारीक अक्षरात: ‘आणि पार्टी’.

त्या बारीक अक्षरांत आमचं घर होतं. आजोबा त्यात होते, काका त्यात होते, पुढे आत्या त्यात आली. आमच्या घरात कुणी बुवा झाला नाही, कुणी कवन केलं नाही. आम्ही झीलकरी. बुवांनी ओळ टाकायची आणि ती आम्ही उचलायची. त्यांच्या तोंडून शेवटचे दोन शब्द सुटले न सुटले की मागून सहा-सात गळे ते शब्द झेलायचे, वर नेऊन धरून ठेवायचे, आणि तेवढ्यात बुवा श्वास घ्यायचे, घाम पुसायचे, पुढच्या कडव्यासाठी वहीत डोकावायचे. ढोलकी तिहाईवर आली की ओळ पुन्हा त्यांच्या हातात. दुसऱ्या खेपेला समोर बसलेलं अर्धं मैदान झील द्यायचं, तिसऱ्या खेपेला सगळं. त्या तिसऱ्या खेपेसाठीच हा सगळा खटाटोप असायचा, असं आजोबा म्हणत. एकट्याने जे बोलायला माणूस दबकतो, ते पाचशेजणांबरोबर गायला दबकत नाही. आणि एकदा गायलेलं दुसऱ्या दिवशी मुकादमासमोर बोलायला जड जात नाही.

आजोबांचा हा धडा महाडचा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग जे लोक चवदार तळ्यावर गेले त्यांत ते होते, मिसरूड फुटलेलं पोर. तळ्याचं पाणी कसं लागलं, हे त्यांना आम्ही किती वेळा विचारलं असेल. ते चवीचं काही सांगत नसत. रांग कशी शिस्तीत होती ते सांगत, आणि नंतर झालेला मार सांगत. गावी परतल्यावर त्यांच्या वाट्याला बहिष्कार आला, मग मुंबई आली, मग गिरणी.

गिरणीतही खाती वाटलेली होती. साच्यांवर, म्हणजे विणाई खात्यात, आपल्या माणसाला घेत नसत. पगार तिथे जास्त. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो आणि अस्पृश्याच्या तोंडचा उष्टा धागा इतरांना चालत नाही. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे मांडला होता. आजोबा जन्मभर रिंग खात्यात राहिले. हे सांगताना त्यांचा आवाज चढत नसे, पण झील देताना चढे. ज्या तोंडाचा धागा चालत नव्हता त्या तोंडाने त्यांनी मुंबईतल्या निम्म्या चाळी गाऊन जागवल्या.

जलसा त्यांनी आधी लांबून पाहिला, मग त्यात शिरले. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजापासून, म्हणजे १८७३ नंतरच्या त्या चळवळीतून, सत्यशोधक जलसे निघाले होते. पुढे त्याच वाटेने आंबेडकरी जलसे आले. बांधा तमाशाचाच, कारण तो आपल्याच लोकांनी घडवलेला आणि खेड्यातल्या माणसाच्या ओळखीचा. मात्र गणात देवाच्या जागी बाबासाहेब आले. कृष्ण-गवळणींची छेडछाड गेली. बाई नाचवणं बंद झालं. वगात गावचा सावकार, खोत, तलाठी आणि दारू पिऊन आलेला नवरा उभा राहिला. मेलेलं ढोर ओढू नका, वतनाच्या कामाला नाही म्हणा, पोर शाळेत घाला, लग्नासाठी कर्ज काढू नका: सभेत सांगितलं तर डोक्यावरून जाणारं हे सगळं जलशात हसता हसता पोटात जायचं. नाशिककडचे भीमराव कर्डक यांची पार्टी यात फार गाजलेली. आपल्या दहा सभांचं काम यांचा एक जलसा करतो, असं बाबासाहेब म्हणाल्याचं जुनी माणसं सांगत. सांगताना प्रत्येकाची मान अशी ताठ व्हायची, जणू ती शाबासकी त्यालाच मिळाली होती. एका अर्थी मिळालीही होती.

१९३८ च्या जानेवारीत खोती मोडा म्हणत कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने आले. आजोबांच्या गावची माणसं त्यात होती. ती चाळीत उतरली, पॅसेजमध्ये ओळीने झोपली, आणि रात्री त्यांना पहिल्यांदा खोतावरचं गाणं शिकवलं गेलं. गावात ज्याच्यासमोर चप्पल काढून हातात धरायची, त्याच्यावर गाणं! आजी सांगायची, पहिले काही जण नुसते ओठ हलवत होते. मग आवाज फुटला.

आता तालमीचं सांगते.

तालीम पाळ्यांवर चालायची. ज्यांची पहिली पाळी ते संध्याकाळी मोकळे, दुसऱ्या पाळीवाले मध्यरात्री यायचे, रात्रपाळीवाले सकाळी डोळे चोळत बसायचे. पाळी बदलली की झील बदलायची. त्यामुळे एकच गाणं तिन्ही पाळ्यांना सारखं यायला हवं, हा बुवांचा आग्रह. आज कोण येईल कोण नाही, भरवसा नाही. म्हणून प्रत्येकाला प्रत्येकाची जागा आली पाहिजे. ज्याचा सूर लागत नाही त्याला टाळ द्यायचे. ज्याला ताल नाही त्याला वही धरायला उभं करायचं. ज्याला दोन्ही नाही तो पाणी भरेल, बत्ती धरेल, पण बसेल पार्टीतच. ‘गळा नाही म्हणून माणूस घालवायला आपण काय देऊळ चालवतो?’ असं बुवा म्हणत आणि मग त्याच माणसाला जवळ बसवून हळूहळू सुरावर आणत.

एक काका होते, गिरणीच्या आवाजाने कान गेलेले. त्यांना पेटी ऐकू यायची नाही. ते बुवांच्या ओठांवर नजर लावून बसत आणि ढोलकीला पाठ टेकवत. ढोलकीचा ठोका त्यांना पाठीतून कळायचा. त्यांची उचल कधी चुकली नाही. उलट नवख्या पोरांना सांगितलं जाई, तुम्ही काकांकडे बघा, ते तोंड उघडतील तेव्हा तुम्ही उघडा.

बायका आधी दाराआड होत्या. म्हणजे ऐकायला पुढे, म्हणायला मागे. जलशातून नाचणारी बाई घालवली ती तिच्या इज्जतीसाठी, हे खरं. पण तिच्याबरोबर गाणारी बाईही गेली, हे लक्षात यायला पार्टीला फार वर्षं लागली, आणि हे मला आजही बोचतं. कारण झील मुळात बायकांचीच. आजीचा दाखला जात्याचा. दोघी समोरासमोर बसून दळायच्या; एकीने ओवी टाकायची, दुसरीने उचलायची. रामाच्या, विठ्ठलाच्या ओव्यांत भीमराय कधी येऊन बसले हे तिला सांगता येत नसे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुढे गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या; त्यांतही बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. त्या रचणाऱ्या बहुतेकींना सही येत नव्हती.

मग १९५६ आलं. १४ ऑक्टोबरला नागपुरात दीक्षा झाली. मुंबईत आपलीही लवकरच होणार म्हणून चाळीत पांढरी लुगडी धुऊन ठेवली होती. त्याआधीच ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दादर चौपाटीवर अंत्यसंस्कारालाच लाखो लोकांनी दीक्षा घेतली. आजी त्यात होती, कडेवर धाकटा काका. ती पांढरी लुगडी त्या दिवशी नेसली गेली.

त्या महिन्यानंतर सगळा मजलाच पार्टी झाला. त्रिशरण, पंचशील, सगळं पालीत. भाषा कुणालाच ठाऊक नाही. छापील कागद एक, वाचणारे दोघे. तेव्हा रोज संध्याकाळी पॅसेजमध्ये दारादारांतून बायका उभ्या राहायच्या. एकाने तुकडा म्हणायचा, वीस दारांनी तो परत म्हणायचा. कुणी एखादं अक्षर खाल्लं तर पॅसेजच्या त्या टोकाहून हाक यायची, ‘‘पुन्हा म्हणा गं, नीट नाही आलं.’’ पॅसेज अंधारा होता, उकडायचं, टोकाला संडास होते. पण आवाज धरून ठेवावा तो त्याच पॅसेजने. महिन्याभरात अंगठेबहाद्दर बायकांना पाली मुखोद्गत. ज्यांच्या आजीने कानावर मंत्र पडेल म्हणून वाट बदलली होती, त्यांनी हे मोठ्याने, चारचौघांत, चूक सुधारून घेत पाठ केलं.

यातूनच आत्या पुढे आली. विशीची. एका तालमीला पार्टी चवदार तळ्याचं गाणं बसवत होती. ती हंडा घेऊन नळावर निघाली होती, दारात थांबली आणि म्हणाली, ‘‘पाणी आम्ही भरायचं आणि पाण्याचं गाणं तुम्ही गायचं, हे कुठलं?’’ आजोबा काही बोलले नाहीत. बुवांनी सतरंजीवर थोडं सरकून जागा केली. आत्या हंडा बाजूला ठेवून बसली. पुढच्या भीमजयंतीला पार्टीत तीन बायका होत्या, त्याच्या पुढच्या वर्षी झील अर्धी बायकांची. तिचा सूर बुवांच्या वर जायचा, म्हणून बुवांनी आपली पट्टी बदलली. ही गोष्ट आमच्या घरात कुणी पदक मिळवल्यासारखी सांगतात.

गाणं फक्त आमच्याच गल्लीत होतं असं नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. त्याआधी ते महाराष्ट्रभर फिरले, आणि सेवादलाची कलापथकं गाणी म्हणत या प्रचारात उतरली. लालबाग-परळला १९४४ पासून अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक दणदणत होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी अमर शेखांचा आवाज माइकशिवाय मैदान ओलांडायचा म्हणत. आमचे काका गिरणीत लाल बावट्याचे, घरी निळ्या झेंड्याचे. दोन्हीकडची गाणी येत, दोन्हीकडचे लोक त्यांच्यावर थोडे रागावलेले असत. ते म्हणत, झीलकऱ्याला दोन्ही चाली याव्या लागतात.

१९७४ च्या जानेवारीत वरळीत दंगल पेटली. दलित पँथर तेव्हा जोरात होती. आम्ही लहान होतो, इतकंच कळायचं की समोरच्या चाळीतून दगड येतात, पोलिस येतात आणि रात्री दिवे लावायचे नाहीत. १० जानेवारीला परळच्या मोर्चावर वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा तरुण गेला. कित्येक आठवडे पेटीची गवसणी निघाली नाही. एकमेकांच्या लग्नात वाढपी म्हणून उभे राहणारे लोक जिन्यावर नजर टाळू लागले. एप्रिल जवळ आला. यंदा जयंती मैदानात करायची की घरातच, यावर वाद झाला. शेवटी तालीम लागली ती पॅसेजचं दार सताड उघडं ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. पहिल्या दिवशी बुवांनी ओळ टाकली आणि झील आलीच नाही; सगळ्यांचे गळे दाटलेले. मग आत्याने एकटीने उचलली. तिच्या मागून बाकीचे. जयंतीच्या दिवशी समोरच्या चाळीतला एक ढोलकीवाला, जो आधी नेहमी यायचा, तो आला. कुणी काही विचारलं नाही. ढोलकी त्याच्यापुढे सरकवली. त्याने कड्या ओढून पाहिल्या आणि म्हणाला, ‘‘उतरलीय.’’

त्यानंतरची वर्षं गाण्यांनीच लक्षात आहेत. विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला केला आणि मराठवाड्यात आपल्या लोकांची घरं जळाली. तिकडून आलेली माणसं चाळीत राहिली; त्यांच्या तोंडून ऐकलं ते आठवड्याभरात गाण्यात आलं. ते गाणं आम्ही १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत गात होतो. तेवढ्यात आमची लग्नं झाली आणि आमच्या पोरांनाही ते पाठ झालं. १९८३ च्या सुमाराला स्त्री मुक्ती संघटनेच्या ‘मुलगी झाली हो’चे प्रयोग वस्त्यावस्त्यांतून होऊ लागले. बायांचा घोळका, नेपथ्य नाही की काही नाही, सगळ्या मिळून गाताहेत. आत्या तो प्रयोग बघून आली ती रात्री झोपली नाही. दुसऱ्या दिवशी महिला मंडळात हुंड्यावरचं गाणं बसायला लागलं, आणि बऱ्याच घरांत जेवण उशिरा झालं.

गिरण्यांचा संप मात्र आम्हाला मोडून गेला. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार बाहेर पडले. सुरुवातीला गेटसभा, गाणी, वर्गणी, धान्य. पार्टी रोज कुठल्या ना कुठल्या गेटवर. मग माणसं गळत गेली. कुणी गावी गेलं, कुणी हमालीला, कुणी वडापाव तळायला. झील सातावरून चारावर आली. एका बैठकीत पेटी विकायचा विषय निघाला. चार घरांत त्या दिवशी चूल नव्हती, आणि पेटीला गिऱ्हाईक होतं. आजी तेव्हा फार थकली होती. ती म्हणाली, ‘‘भांडी विका, लागलं तर माझ्या पाटल्या विका. वीस घरांची वस्तू चार घरांनी विकायची नसते आणि चार घरांची भूक वीस घरांनी बघत बसायची नसते.’’ पाटल्या विकल्या गेल्या. पेटी राहिली. आजोबा त्याच वर्षी गेले.

मग कॅसेटी आल्या. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज घराघरांत पोहोचला, सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या, गाण्यांच्या चोपड्यांच्या शेजारी कॅसेटींचे ढीग लागू लागले, आणि त्याचा आम्हाला आनंदच होता. आमच्या बुवांचीही एक कॅसेट निघाली. स्टुडिओ लहान, म्हणून झीलकरी मोजकेच न्यायचे ठरले. वेष्टणावर बुवांचा फोटो आणि खाली ‘आणि साथी’. आत्या तेव्हा कितीतरी वर्षं त्यांच्या मागे गात होती. तिचं नाव कुठल्याही कागदावर नाही. ती तक्रार करत नसे, पण मी करते. वामनदादांचं नाव राहिलं, विठ्ठल उमपांचं राहिलं, ते राहायलाच हवं. उमप तर २०१० साली नागपुरात मंचावरच गेले. पण ज्यांच्या गळ्यांवर ही गाणी तोलली गेली, ते शेकडो लोक बारीक अक्षरांतच राहिले.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. पाठोपाठ शाहीर विलास घोगरे यांनी आपलं आयुष्य संपवलं. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ मध्ये ती कहाणी आहे. आमच्या चाळीतल्या पोरांनी तो सिनेमा एकत्र बसून पाहिला. घोगरे पडद्यावर गात होते तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी झील दिली, आणि मग सगळ्यांनी. सिनेमा थांबवावा लागला नाही. थांबवावा असं कुणाला वाटलंही नाही.

आता चाळी पाडून उंच इमारती होताहेत. एकशेसाठ फुटांच्या खोलीतून माणसं पाचशे फुटांच्या घरात जाताहेत. घरातच संडास, घरातच नळ, आणि कुणीही ते गोड मानून घेऊ नये असं मी म्हणणार नाही. आत्याने हंडे उचलून उचलून मणका घालवला. पण पॅसेज नाही. वीस दारं एका आवाजात येतील अशी जागा नकाशात कुणी मागितली नाही, आम्हीही नाही. तालमीसाठी आता हॉल आधी सांगून मिळवावा लागतो. तरी पोरं जमतात. कॉलेजातली, कॉल सेंटरच्या रात्रपाळीतली, त्यांच्याही पाळ्या बदलतात. काहींना रॅप येतं. एका मुलीने परवा डफावर असा काही ठेका धरला की आत्या खुर्चीतून अर्धी उठली. गाणं होतं शिष्यवृत्ती रखडल्याबद्दलचं. झील सोपी ठेवली होती, तिसऱ्या खेपेला कुणालाही यावी अशी.

आम्ही काही जणी सध्या यादी करतोय: आमच्या आणि आजूबाजूच्या चाळींतल्या झीलकऱ्यांची. नाव, गाव, खातं, पाळी, आणि कोणत्या गाण्यात आवाज असायचा. हे काम रोज लांबतं, कारण एक नाव निघालं की त्यामागे चार निघतात आणि कोण कुणाच्या डावीकडे बसायचं यावर तासभर जातो. वह्या सात मिळाल्या आहेत. आठवी, जिच्यात खोतीची गाणी होती, ती चाळ रिकामी करताना कुणाच्या तरी सामानात गेली. पुठ्ठा खाकी, कोपरा जळका, आत कुणाच्या तरी बाळाच्या जन्माची वेळ पेन्सिलीने लिहिलेली. कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, गावच्या घरी सापडली तर आणून द्या. पानं गळाली असली तरी चालेल. चाल जिथे लिहिलेली नसेल तिथे ती म्हणून दाखवणाऱ्या दोघी अजून आहेत, आणि त्या दोघींचं एका गाण्यावरून जमत नाही, तेवढं तुम्हीच येऊन सांगा, कुणाची खरी.